पाचवी चिमणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत आत्मविश्वास, मनोबल, 'स्वतःवर प्रेम करा' अशा विषयांवरचे लेख नेमाने येतात. दहावी-बारावीच्या निकालाच्या सुमारास तर हमखास. त्यांत अधूनमधून बायबलमधले एखादे वाक्यही असते, बहुधा अध्याय-वचनाच्या आकड्याशिवाय. ख्रिस्ती घरांतही वेगळे काही चालत नाही. कॅलेंडरवर वचन, चहाच्या मगवर वचन, सकाळी सातला व्हॉट्सअॅपवर गुलाबाच्या फुलावर वचन. वचन चांगलेच असते. पण आपली कुणाला काही किंमत उरली नाही असे ज्याला खरोखर वाटते आहे, त्याला ते सुटे वाक्य दोन दिवसही पुरत नाही. असे का होते आणि त्याऐवजी काय केले तर धीर मिळतो, हे आम्ही शास्त्राभ्यासाचे, म्हणजे बायबल-अभ्यासाचे, वर्ग चालवणारे लोक थोडे तपशिलाने लिहीत आहोत. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर इतिहासाच्या परिच्छेदाला लावावी, कृतीला नको.

आधी एक हिशेब. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात (१०:२९, अध्याय दहा, वचन एकोणतीस), येशू विचारतो, दोन चिमण्या दमडीला विकतात की नाही? लूककडे (१२:६) तोच प्रश्न येतो तेव्हा भाव बदललेला असतो: पाच चिमण्या, दोन दमड्या. दोन्ही वचने एकाखाली एक लिहा. दमडीला दोन, तर दोन दमड्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी कुठून आली? मंडईत भाजी घेतली की भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते, तशी ही पाचवी वर घातलेली. मूळ ग्रीक मजकुरातले नाणे असारियोन, म्हणजे दिनाराचा सोळावा भाग, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. चिमणी हे गरिबाघरचे मांस होते. त्यातही या पाचवीचे पैसे कुणी मोजलेलेच नाहीत. व्यवहारात तिची किंमत शून्य. आणि येशू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही.

एवढे वाचून थांबले तर हेही मगवर छापण्याजोगे वचनच. म्हणून लूकच्या बाराव्या अध्यायाची पहिली बारा वचने सलग वाचावीत. हजारो माणसांची गर्दी, एकमेकांच्या पायांवर पाय पडताहेत, आणि येशू शिष्यांना सांगतो आहे की तुम्हांला सभास्थानांत (यहुदी प्रार्थनागृहांत) आणि अधिकाऱ्यांपुढे उभे केले जाईल. जे देहाचा वध करतात त्यांना भिऊ नका. चिमणीचे बोलणे या भीतीच्या मधोमध येते. मत्तयाकडे तर चिमणी जमिनीवर पडते असेच म्हटले आहे. ती पडणार नाही असे कुठेही नाही. 'देव मला काही होऊ देणार नाही' असा अर्थ ज्याने खिशात ठेवला, त्याचा पहिल्याच अपघाताला भ्रमनिरास होतो. बारा वचने वाचणाऱ्याच्या हाती अधिक कडक पण टिकाऊ गोष्ट लागते: पडलेली चिमणीही हिशेबाबाहेर गेलेली नसते.

दर ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर अनेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, वचनांच्या चिठ्ठ्या वाटतात. ताटातली एक उचलायची, ते आपले वर्षाचे वचन. सगळ्यांना हवी असणारी चिठ्ठी म्हणजे यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा अर्थाचे. मुलाखतीला जाणारा ती पाकिटात ठेवतो. नोकरी मिळाली नाही की 'वचन खोटे' किंवा त्याहून वाईट म्हणजे 'माझ्यातच काही खोट असणार' असे तो धरून चालतो. आता फक्त एक वचन मागे जा. दहाव्यात लिहिले आहे, बाबेलची (बॅबिलॉनची) सत्तर वर्षे भरल्यावर. मजकूर एका पत्रातला आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते धाडले. आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल. टाळ्या त्यालाच मिळाल्या असणार. यिर्मया मात्र लिहितो: घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ते पत्र वाचणाऱ्या तिशीतल्या माणसाला परतीचा दिवस दिसणार नव्हता, आणि हिताच्या संकल्पाचे वचन नेमके त्यालाच दिलेले आहे.

इथे मराठी वाचकाला एक सोय आहे. इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच सर्वनाम. आपल्या भाषांतरात देव एकट्या माणसाशी 'तू' म्हणून बोलतो आणि या वचनात 'तुमच्याविषयी', 'तुम्हांला' असे आहे. आश्वासन एका समाजाला दिलेले आहे. चिठ्ठीवर आल्यावर ते एकट्याचे होते, आणि एकट्याच्या खांद्याला ते पेलत नाही.

फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ ची गत याहून विनोदी आहे. 'मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' हे वाक्य जिममध्ये आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिसते. लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात आहे आणि पत्राचा हा भाग मुळात पैशांच्या मदतीबद्दल आभार मानण्यासाठी आहे. बाराव्या वचनात त्याने 'सर्वकाही' म्हणजे काय ते सांगून ठेवले आहे: पोटभर खाणे आणि उपाशी राहणे, विपुलता आणि टंचाई. चौदाव्यात तो लगेच म्हणतो, तरी तुम्ही माझ्या संकटात भागीदार झालात हे बरे केले. सर्वकाही करू शकणारा माणूस पुढच्याच वाक्यात मदतीबद्दल धन्यवाद देतो. दुसऱ्याकडे हात पसरावा लागला म्हणजे आपण कमी ठरलो असे ज्याला वाटते, त्याला तेराव्यापेक्षा चौदाव्या वचनाची गरज जास्त आहे, आणि ते कुणी कधी छापत नाही.

वचनांचे आकडे मुळात नव्हतेच, हेही इथे सांगायला हवे. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, आणि नव्या करारातल्या वचनांना आजचे आकडे १५५१ साली रोबेर एतिएन या छापखानदाराने जिनिव्हात दिले. संदर्भ शोधायला त्यांची मोठी मदत होते. पण वाक्ये सुटी करून विकण्याचा मार्गही त्यांनीच मोकळा केला.

आता कृती. एकट्याने करायचे तर रोज वीस मिनिटे पुरतात. दोनशे पानी वही आणि पेन्सिल घ्यावी. दहा ते पंधरा वचनांचा एकच उतारा चार-पाच दिवस पुरवायचा. उतारा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते आपले आपण ठरवावे, कारण मधले ठळक मथळे मूळ लेखकांचे नाहीत, नंतर घातलेले आहेत. पहिल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचून तो डाव्या पानावर हाताने उतरवायचा. उजवे पान कोरे. दुसऱ्या दिवशी फक्त पाहायचे: कोण बोलतो, कोण गप्प आहे, कोणता शब्द पुन्हा येतो, 'पण', 'म्हणून', 'तरी' कुठे पडले आहेत. त्यांना गोल करावेत. तिसऱ्या दिवशी ज्यांच्या कानी हे पहिल्यांदा पडले त्यांची परिस्थिती काय होती ते पाहायचे, मागचा-पुढचा अध्याय चाळून. चौथ्या दिवशी एकच प्रश्न: इथे देव माणसाकडे कसा पाहतो? स्वतःबद्दलचे वाक्य पाचव्या दिवशी लिहायचे, तेही एकच, आणि प्रार्थना करायची.

हा क्रम उलटा झाला की बिघडते. 'मला यातून काय मिळाले' हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला, तर खचलेले मन उताऱ्यातही आपलाच खचलेपणा वाचते. दोषारोपाचे वाक्य त्याला ठळक दिसते, क्षमेचे दिसत नाही. आधी तीन दिवस नजर स्वतःवरून काढून मजकुरावर ठेवायची, ती एवढ्यासाठीच.

डोळे मिटून कुठलेही पान उघडायचे आणि बोट ठेवायचे, ही पद्धत सोडून द्यावी. १ जानेवारीला उत्पत्तीपासून 'वर्षात संपूर्ण बायबल' सुरू करण्याचाही सल्ला आम्ही खचलेल्या माणसाला देत नाही. प्रोटेस्टंट बायबलात अध्याय १,१८९. ३६५ दिवसांत संपवायचे तर रोज सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपवून माणूस जानेवारीच्या अखेरीस लेवीयात पोचतो, होमबलींच्या नियमांत अडकतो, आणि फेब्रुवारीत 'हेही मला जमले नाही' एवढी एक खंत गाठीशी बांधतो. त्याऐवजी मार्कचे शुभवर्तमान घ्यावे. सोळा अध्याय, मोठ्याने वाचले तर दीड-दोन तासांचे काम. सोबत स्तोत्रसंहिता, आठवड्याला एक स्तोत्र.

शक्य असेल तर दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत: बायबल सोसायटीचे 'पवित्र शास्त्र' आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल'. जुन्या मराठीत काही शब्द पाय घसरवतात. करिंथकरांस पहिले पत्र १०:१३ मध्ये 'परीक्षा' आहे. तिथे बोलणे मोहाचे, मूर्तिपूजेकडे ओढले जाण्याचे चालले आहे. विद्यार्थी त्यातून बोर्डाची परीक्षा वाचतो. सांत्वनाला आलेली मंडळी त्याच वचनाचे 'देव झेपेल तेवढेच दुःख देतो' असे करून टाकतात. हे पौलाने म्हटलेले नाही. त्याच करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात (१:८) तो लिहितो की आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा उरली नव्हती. ज्याला झेपत नाही त्याला हे आठवे वचन दाखवावे. प्रेषितालाही झेपले नव्हते.

मराठीत एखाद्याला जिव्हारी लागेल असे बोलायचे तर त्याची लायकी काढतात. बायबलमध्ये लायकीचा प्रश्न कसा हाताळला आहे ते पाहायला लूक १५ चा पेन्सिल-अभ्यास फार उपयोगी पडतो. तिथे येशूने सांगितलेली एका बापाची आणि दोन मुलांची गोष्ट आहे. धाकटा मुलगा पैसे उधळून डुकरे राखायला लागतो आणि घरी गेल्यावर काय बोलायचे ते ठरवतो. १८ आणि १९ या वचनांतले त्याचे पाठ केलेले भाषण वहीत उतरवा. तीन वाक्ये आहेत: मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी आता योग्य नाही, मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखे ठेवा. आता शेजारी २१ वे वचन उतरवा, जिथे तो प्रत्यक्ष बोलतो. दोनच वाक्ये. तिसरे कुठे गेले? २२ वे वचन 'पण' ने सुरू होते. बाप बोलायला लागलेला आहे, आणि तो मुलाशी बोलतच नाही, चाकरांशी बोलतो: झगा आणा, अंगठी आणा, जोडा आणा. 'तू योग्य आहेस' असे तो म्हणत नाही, 'योग्य नाहीस' असेही नाही. लायकीची चर्चा तशीच अर्धवट राहते आणि घरात जेवणाची तयारी सुरू होते.

वर्गात बरेचजण इथे थांबतात. थांबू नये, कारण या घरात खचलेला आणखी एक माणूस आहे. थोरला म्हणतो, इतकी वर्षे मी चाकरी करतो आहे (१५:२९). दोघे भाऊ मजुरीच्याच भाषेत बोलतात. एकाला वाटते आपली मजुरी बुडाली, दुसऱ्याला वाटते आपली थकली. थोरला भावाला 'हा तुमचा मुलगा' म्हणतो (१५:३०), आणि बाप उत्तरात 'हा तुझा भाऊ' म्हणतो (१५:३२). ही सर्वनामे अधोरेखित केली की घरोघरच्या बऱ्याच गोष्टी बोलायला लागतात. नेमाने उपासनेला येणाऱ्या, सेवेत झिजलेल्या आणि आतून कडवट झालेल्या माणसाला धाकट्यापेक्षा हाच भाग जास्त लागू पडतो.

याच विषयावर प्रवचनांत आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत चुरगळलेल्या पाचशेच्या नोटेचा दाखला देतात: चुरगळली, तुडवली तरी किंमत तीच. आमच्या मते दाखला कच्चा आहे. नोटेची किंमत सरकारच्या शब्दावर असते, आणि तो शब्द ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री कसा फिरला ते सगळ्यांनी पाहिले. मुलाचे नाते कुणी चलनातून रद्द करत नाही, म्हणून लूकमधली गोष्ट नोटेपेक्षा पक्की आहे.

स्त्रियांच्या वर्गात मार्क ५:२१-४३ हा उतारा घ्यावा, आणि किमान दोन बैठका द्याव्यात. सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडतो. त्याची मुलगी मरणाला टेकली आहे. वाटेत गर्दीत एक बाई मागून येऊन वस्त्राला शिवते. अधिकाऱ्याचे नाव दिले आहे, बाईचे नाही. बारा वर्षे रक्तस्राव. पुष्कळ वैद्य झाले, होते नव्हते ते खर्चून झाले, आणि दुखणे वाढले. लेवीय १५:२५-२७ शेजारी वाचा: तिचे अंथरूण, तिचे बसायचे आसन, त्याला हात लावणारा, सगळेच अशुद्ध. मराठी भाषांतरात या गोष्टीत 'शिवणे' हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते. बाजूला बसणे, विटाळ, शिवाशीव हे शब्द ज्या घरांत वापरात होते किंवा आहेत, तिथल्या बायकांना या क्रियापदाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. येशू थांबतो आणि विचारतो, मला कोण शिवले? शिष्यांना प्रश्न वेडगळ वाटतो, इतकी तर गर्दी आहे. पण ती बरी होऊन गुपचूप निघून गेली असती तर गावाच्या लेखी अशुद्धच राहिली असती. ती थरथर कापत पुढे येते, सगळ्यांदेखत सगळे सांगते, आणि तो तिला 'मुली' म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये इथे 'लेक' या अर्थाचा शब्द आहे, आणि चारही शुभवर्तमानांत येशूने कुणा एका स्त्रीला त्या शब्दाने हाक मारल्याचा हा एकच प्रसंग आहे. याईर एका मुलीसाठी धावत आला होता. वाटेत दुसरी सापडली. त्याच्या मुलीचे वय बारा, हिच्या दुखण्याची वर्षे बारा. लेखकाने हे आकडे उगाच दिलेले नाहीत.

या उताऱ्यात एक धोका आहे आणि तो वर्ग चालवणाऱ्याने ओळखायला हवा. 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे' यावरून 'तू बरी होत नाहीस म्हणजे तुझा विश्वास कमी' असे उलटे गणित मांडले जाते, औषधे बंद करायला सांगितली जातात. त्याच पानावर उत्तर आहे: येशू याईराच्या मुलीला उठवतो तेव्हा ती मेलेली असते. तिच्या विश्वासाचे माप कुणी घेतले? आणि उठल्यावर येशूचे शेवटचे वाक्य काय, तर हिला काही खायला द्या.

गटाने अभ्यास करायचा तर सहा ते आठ माणसे, सव्वा तास. बाराच्या वर गेले की चौघेच बोलतात. पंधरा वचने पंधरा जणांनी एकेक वाचण्याची जी सर्वत्र रूढ रीत आहे, तिने उताऱ्याचे तुकडे होतात आणि प्रत्येकाचे लक्ष आपली पाळी कधी येते याकडे राहते. दोन वेगवेगळ्या आवाजांत दोन सलग वाचने व्हावीत, मध्ये दोन मिनिटे पूर्ण शांतता. दोन मिनिटे फार लांब वाटतात, पंख्याचा आवाज ऐकू येतो. तरी कमी करू नयेत. मग पहिली फेरी: प्रत्येकाने मजकुरात दिसलेली एक गोष्ट सांगायची, मत नको. दुसऱ्या फेरीत अर्थ. तिसरी फेरी स्वतःबद्दल, आणि तिथे न बोलण्याची मुभा. पाळकसाहेब हजर असतील तर त्यांनी शेवटी बोलावे. आधी बोलले की बाकीच्यांच्या वह्या मिटतात.

सगळ्यांत कडक नियम तिसऱ्या फेरीसाठी. कुणी आपले दुःख सांगितले तर त्यावर त्या दिवशी उत्तर द्यायचे नाही. सल्ला, दुसरे वचन, 'माझ्या मेव्हण्याचेही असेच झाले होते', सगळे वर्ज्य. याला आधार ईयोबाच्या, म्हणजे सगळे गमावून बसलेल्या माणसाच्या, पुस्तकाचा आहे. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (२:१३). तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. तोंड उघडले आणि चुकत गेले, इतके की शेवटी (४२:७) देव त्यांच्यावर रागावतो, ईयोबावर नाही. तक्रार करणारा बरोबर ठरला आणि देवाची बाजू मांडणारे चुकले. हा निकाल बऱ्याच मंडळ्यांच्या अजून पचनी पडलेला नाही.

तक्रार करायला शिकण्यासाठी स्तोत्र १३ पुरेसे आहे. सहाच वचने. पहिल्या दोनांत गाऱ्हाणे, त्यात 'कोठवर' चार वेळा. पुढच्या दोनांत मागणे. शेवटच्या दोनांत भरवसा. याच साच्यात आपले सहा ओळींचे स्तोत्र लिहायला सांगावे. पहिल्या चार ओळी झरझर येतात. शेवटच्या दोन नाही आल्या तर जागा कोरी ठेवायची, खोटे लिहायचे नाही. स्तोत्र ८८ अंधारातच संपते आणि तरी ते स्तोत्रसंहितेतून कुणी काढून टाकलेले नाही.

'स्वतःला नाकारा, आपला वधस्तंभ उचला' (मार्क ८:३४) या वचनाचा जो दुरुपयोग होतो त्याबद्दल स्पष्ट लिहितो. घरात मार खाणाऱ्या बाईला हे वचन ऐकवून परत पाठवणे हा शास्त्राचा अर्थ नाही. तिथे येशू आपल्यामागे येण्याची किंमत सांगतो आहे आणि ती जो तो स्वतःहून उचलतो. दुसऱ्याने पाठीवर घातलेला मार म्हणजे वधस्तंभ नव्हे. अशा बाईला आधी पोलीस, वकील किंवा सुरक्षित घर, अभ्यास नंतर.

आजारपणाचेही तेच. राजे पहिले पुस्तक, अध्याय १९. एलीया हा संदेष्टा कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आला आहे, आणि एका धमकीने असा कोसळतो की रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. 'मी माझ्या पूर्वजांहून काही बरा नाही' हे त्याचे शब्द. देवदूत काय करतो? उपदेश नाही, वचन नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. एलीया खातो, झोपतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा भाकर: वाट तुला झेपणार नाही म्हणून खा. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल, त्यानंतर होरेब डोंगर, आणि मग कुठे प्रश्न: तू येथे काय करतोस? प्रश्न दोनदा विचारला जातो, उत्तर दोन्ही वेळा शब्दशः तेच. इतका भव्य वारा, भूकंप, अग्नी आणि मंद वाणी होऊनही माणसाचे रडगाणे बदललेले नाही. देव त्याला रागवत नाही. काम देतो, अलीशा हा सोबती देतो, आणि 'मीच एकटा उरलो' या हिशेबातली चूक सांगतो: एकनिष्ठ राहिलेले सात हजार आहेत. झोप, अन्न, माणसे, काम, या क्रमात. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, मरणाचे विचार येतात, अशी स्थिती असेल तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येते. गोळ्या घेणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. निखाऱ्यावरच्या भाकरीसारखेच ते आहे.

इतिहास थोडक्यात. मराठी नवा करार १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मोडी लिपीत निघाला (हे बंगालमधले श्रीरामपूर, आमच्या नगर जिल्ह्यातले नव्हे). कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार रेल्वेच्या प्रवासात आला आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले, कमी शिकलेल्या बाईलाही समजावे म्हणून. त्या १९२२ साली गेल्या. ग्रंथ १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडला. टाकून दिलेल्या बायकांच्या त्या घरात छापखान्याचे काम बायकाच करत होत्या, हे लक्षात घेऊन मार्कचा पाचवा अध्याय वाचून पाहावा.

शेवटी आपल्याकडे एक मागणे. नाताळच्या किंवा गुड फ्रायडेच्या अंकात बायबलमधले वाक्य छापाल तेव्हा त्याखाली पुस्तक, अध्याय आणि वचन यांचा आकडा द्यावा, म्हणजे वाचकाला मागचे-पुढचे काढून बघता येईल. आणि यिर्मया २९:११ छापायचे ठरलेच, तर जागा काढून दहावेही छापावे.

आपले,
शास्त्राभ्यास वर्गांचे काही संयोजक,
अहिल्यानगर